शनिवारची सुई

नाय. नाय म्हणजे नाय, रामदास. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं — आता तिसऱ्यांदा मागितलीस तर ह्या घमेल्यातलं शेण तुझ्या अंगावर ओतीन, मग जा घरी तसाच. — उभा काय राहतोस? बस. तिथं नको, ती जाफराबादी म्हैस लाथ मारते. हां, त्या पेंडीच्या पोत्यावर बस. पहिली पाळी सुटल्यावर तसाच आलास ना? केसात कापूस हाय अजून. मिलमधनं घरी न जाता सरळ तबेल्यात — तेव्हाच मी ओळखलं, हा काय म्हशी बघायला आलेला नाय. बारा वर्षं शेजारच्या खोलीत राहतोस, कधी इथं पाऊल टाकलं नायस, माझ्या कपड्यांना वास येतो म्हणून जिन्यात अंग चोरून जाणारा माणूस तू. आणि आज काय — गुणाजीमामा, एक नळी द्या. दगडीची नळी द्या, लक्ष्मीला लावायची हाय. वा रे वा!

मान खाली नको घालू. बाळंतिणीचं थान सुजतं, त्यात लाजायचं काय? म्हशीची कास सुजते, दगडासारखी कडक होते, हात लावू देत नाय बिचारी, धारेतनं रक्ताच्या गुठळ्या पडतात — म्हणून तर आम्ही दगडी म्हणतो त्याला. बाईचंही तेच. ते मला तू काय शिकवतोस, मीच अख्ख्या चाळीला शिकवलंय. गणपतीच्या मांडवात पत्ते कुटताना कोण बोललं होतं छाती फुगवून? — म्हशीच्या सडात घालतो त्या नळीत पेन्सिलीन असतं पेन्सिलीन, साहेबलोकांना देतात तेच! — मीच. माणसाला चांगलं सांगितलेलं चार दिवस आठवत नाय, पण असलं काय बरोबर ध्यानात राहतं.

किती दिवस झाले? बोटं काय दाखवतोस, तोंडानं बोल. — चार. ताप हाय? होता म्हणतोस? होता की हाय? — बरं, राहू दे. आणि माझ्याकडं नळ्या हायत हे तुला कोण बोललं? नको सांगू तर नको सांगू. चाळीतल्या भिंतींना कान असतात हे मला ठाऊक हाय, तोंडं पण असतात हे आज कळलं.

तुला वाटतंय, म्हातारा चेंगट हाय. शेजाऱ्याची बायको तळमळतेय आणि हा नळीवर साप होऊन बसलाय. वाटू दे. दुधानं तोंड पोळलेला माणूस हाय मी, ताक फुंकून पिणार. — तुला ठाऊक हाय का, मला सुईवाला का म्हणतात? आधी मी नुसता धार काढणारा. मग जनावरांचा डॉक्टर यायचा, तो एकदा म्हणाला, गुणाजी, तुझा हात हलका हाय, शीक. शिकलो. मानेला कुठं टोचायची, नळी सडात कशी सरकवायची, सगळं शिकलो. शेटनं बघितलं, म्हणाला, मग डॉक्टर कशाला पाहिजे? आणि त्यानं रीतच पाडली — दर शनिवारी अख्ख्या दावणीला सुई. चाळीस म्हशी. आजारी असो, धडधाकट असो, सगळ्यांना. का? तर आजार यायच्या आधीच दाराला कडी. शहाणपण बघ! आणि चाळीस म्हशींना पुरं औषध परवडतंय कोणाला? मग अर्धं अर्धं. एका बाटलीत दोघी. मी लोकांना सांगायचो, शनिवारी मारुतीला तेल आणि म्हशीला सुई. हसायचे सगळे. तू पण हसला होतास.

आणि खरीच जी आजारी पडायची तिला नळी — तीसुद्धा कास नरम पडेपर्यंतच. नरम पडली की बस, उरलेली पुढचीला. आता डबीवर छापलेलं असतं, औषध दिल्यावर तीन दिवस त्या म्हशीचं दूध कोणाला देऊ नका, ओतून टाका. शेटला वाचता येत नाय असं नाय. पण म्हणायचा, दूध मातीत ओतलं तर घरातली लक्ष्मी जाते. झालं! ते दूध मोठ्या कॅनमध्ये, कॅन सायकलवर, आणि सायकल लालबाग-परळला. हॉटेलात, चाळीत, पोराटोरांच्या वाटीत. म्हशींना शनिवारी टोचायचो रे, पण तुम्हाला रोज टोचत होतो. सकाळ-संध्याकाळ, चहातनं.

हसू नको. आठवतं, तुझ्या लग्नानंतर तुमच्या घरात दही लागेना? आठवणारच. तुझ्या आईनं केवढं आकाश डोक्यावर घेतलं होतं — नवी सून आली आणि घरातलं विरजण गेलं, हिचा हातच वाईट! मधली भिंत म्हणजे लाकडाची फळी, मला सगळं ऐकू यायचं. पोर मोरीत तोंड घालून रडायची. माझी बायको, जाईबाईसुद्धा नळावर सांगायची, बाई ग, दूध रात्रभर ठेवलं तरी पाण्यासारखं, विरजण घाला नायतर देव घाला. कोणी म्हणालं शेट पाणी घालतो, कोणी म्हणालं सोडा घालतो. अरे, विरजण म्हणजे तरी काय, जिवंत वस्तू ती. दुधातच तिला मारायचं औषध असेल तर ती काय करील? हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. खरंच नव्हतं, हवं तर मारुतीची शपथ घेतो. मला ते इस्पितळातल्या डॉक्टरनं सांगितलं. पण सांगितलं त्यानंतरही मी तुझ्या आईला येऊन बोललो नाय की लक्ष्मीचा हात चांगला हाय. ते बोलायला पाहिजे होतं.

कुठला डॉक्टर? — माझ्या पोरीला, शांतीला, नेलं होतं तेव्हाचा.

तुला काय सांगायचं शांतीचं, तू होतासच. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून शिवडीवरनं आणली, पौष महिना, मुलगी झाली, पाचवी पुजली, बारसं झालं. आणि तिथनं चार दिवसांत बाहेर पेटलं. महाराष्ट्राला मुंबई देणार नाय म्हणाले दिल्लीवाले, आणि लालबागच्या रस्त्यावर गोळ्या सुटल्या. तू पण होतास दगड घेऊन, खोटं नको बोलू, मी गच्चीवरनं बघितलंय. संचारबंदी लागली, अश्रुधुरानं चाळीतली पोरं खोकत होती, आणि त्याच दिवशी शांतीचं डावं थान तटतटलं. संध्याकाळी अंग हे असं तापलं, तव्यासारखं. बाहेर पडलं तर गोळी. मग मी काय करणार? घरात होतं ते केलं. तबेल्यातली नळी होती, बाटली होती, सुई होती. जाईबाईनं नळीतलं मलम चोळलं, मी दंडात सुई दिली. अर्धीच. सवय ती — हाताला अर्ध्याचीच सवय! आणि हात तरी कसले? दुपारी दोन दगडीच्या म्हशी पिळून आलेले. धुतले होते. म्हणजे, पाण्याखाली धरले होते.

दुसऱ्या दिवशी ताप खाली. काय सांगू तुला, रामदास, बाहेर माणसं मरत होती आणि मी चाळीत राजासारखा फिरत होतो. बायका म्हणाल्या, सोनारानं कान टोचावे म्हणतात, इथं म्हशीवाल्यानं पोर वाचवली. मी मिशीवर हात फिरवला. आणि औषध बंद केलं. ताप उतरला ना, कास नरम पडली ना — मग उरलेलं पुढचीला. तसंच. म्हशीचं केलं तसंच केलं माझ्या पोरीचं.

तिसऱ्या दिवशी परत चढला. परत अर्धी. ह्या वेळेला उतरला नाय. सगळी चाळ काय म्हणते? — बिचारा गुणाजी, पोलिसांनी वाट दिली नाय, पोर घरात तडफडली. तू पण तेच म्हणतोस. मयताला तूच खांदा दिलास आणि तूच पहिला ओरडलास, संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. शांती कसली चळवळीतली? घराच्या उंबऱ्याबाहेर गेली नव्हती ती. पण तिचा फोटो हुतात्म्यांच्या बोर्डावर लागला. ज्यांनी खरंच छातीवर गोळ्या घेतल्या त्यांच्या रांगेत, शेवटचा. दरसाल हार. परवा परत बोलवायला येतील पोरं, मामा, पहिला हार तुमच्या हातचा. मी जातो. हात जोडून उभा राहतो. मान वर करत नाय, तर म्हणतात म्हाताऱ्याला दुःख आवरत नाय.

ताप परत चढला त्या दिवशी सकाळी संचारबंदीत दोन तास सूट होती, रामदास.

असा काय बघतोस? होती. आठ ते दहा. तू रॉकेलच्या रांगेत होतास, आठव की! जाईबाई म्हणाली, अहो, आता नेऊया पोरीला, उचला. मी म्हटलं, थांब, रस्ता बघून येतो. गेलो नाक्यावर. रस्ता मोकळा होता. एक घोडागाडी उभी होती, गाडीवाला बिडी ओढत होता, मला बघून म्हणालासुद्धा, कुठं जायचंय? पोलीस होते, ते चहा पीत होते. कोणी कोणाला अडवत नव्हतं. मी तिथं उभा राहिलो — किती वेळ, नाय सांगता येत — आणि परत आलो आणि जाईबाईला म्हणालो, सोडत नायत ग, परत पाठवतायत सगळ्यांना. का म्हणालो? तू नको विचारू, मी माझा मलाच रोज विचारतो. इस्पितळात गेलो असतो तर पहिला प्रश्न — हिला सुई कोणी दिली? तबेल्यातली? शरम वाटली. आणि त्याच्याहून, खरं सांगू? वाटलं, अजून एक सुई दिली की उतरेल. सुईवाला गुणाजी ना मी! चाळ काय म्हणेल, म्हशीवाल्याचं औषध हरलं?

अजून तीन दिवस ठेवली घरात. मग खांद्यावर टाकून नेली. डॉक्टरनं चीर दिली, पू केवढा निघाला ते नको सांगायला. बोलला, तीन दिवस आधी आणली असती तर नुसती चीर देऊन घरी पाठवली असती. मग पेन्सिलीन दिलं, पुरं दिलं, काय फरक नाय. त्यानं पू तपासायला पाठवला आणि मला बाहेर बोलावून विचारलं, काम काय करतोस? सांगितलं. शनिवारची सुई पण सांगितली. तो माझ्या हातांकडं बघत बसला. रागावला असता तर बरं झालं असतं. हळू आवाजात समजावलं त्यानं, पोराला समजावतात तसं — बाबा, हे जंतू औषध पचवून बसलेत. तू अर्धं अर्धं देऊन देऊन मेलेले ते मेले, उरले ते निबर झाले. म्हशीच्या कासेतनं तुझ्या हाताला, हातातनं घरात. ह्यांना आता पेन्सिलीन म्हणजे पाणी. निरोग्या जनावराला देऊ नका, आजाऱ्याला द्या आणि पुरं द्या, नायतर एक दिवस कोणालाच लागू पडणार नाय, म्हशीला नाय, माणसाला नाय. — इस्पितळात तिसऱ्या दिवशी शांती गेली.

आणि मी काय केलं? सुतक फिटलं, शनिवार आला. शेट म्हणाला, गुणाजी, दावण राहिलीय. मी सुई उचलली. थूः! दीड वर्ष, रामदास, दीड वर्ष मी तशीच टोचत राहिलो. पोट हाय, खोली हाय, शांतीच्या मागं राहिलेली नात हाय. हे सगळं खरं. पण आणखी एक खरं — सुई थांबवली असती तर जाईबाईनं विचारलं असतं, का थांबवली? झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ उघडायची नव्हती मला.

ह्या पावसाळ्यानंतर ती कोपऱ्यातली म्हैस गेली, चांदी म्हणायचो आम्ही. दगडी झाली. एक नळी, दोन, तीन, पुऱ्या नळ्या — ढिम्म. कास अशी की वर टिचकी मारली तर आवाज येईल. माझ्याकडं मान वळवून बघायची. शेटनं कसायाला दिली. त्या शनिवारपासनं मी धडधाकट म्हशींना पाणी टोचतो. हां, पाणी! उकळलेलं. आजारी असेल तिलाच औषध, आणि पुरं, आणि तिचं दूध मी मोरीत सांडतो, शेटला म्हणतो म्हशीनं लाथ मारली. चार महिने झाले. दूध एक पळीभर कमी नाय झालं. दगडी पण वाढली नाय, उलट घटली, हात साबणानं धुतो ना एकीवरनं दुसरीकडं जाताना. म्हणजे ती सुई कधी लागतच नव्हती! आणि तुमच्याकडं दही लागतंय ना आता? बघ. आता तुझी आई म्हणते, बाळ झालं आणि सुनेचा हात सुधारला. — हे शेटच्या कानावर गेलं तर उद्या मी रस्त्यावर. बोलून बसलो खरा. आज तोंडाला काय झालंय माझ्या!

तर त्या वाचलेल्या बाटल्या, त्या नळ्या, त्याच घरी माळ्यावर बिस्किटाच्या डब्यात हायत. फेकवत नायत. औषध हाय ना शेवटी. मोजून ठेवतो. परवा बघितलं तर एक नळी कमी, म्हटलं उंदरानं नेली. आता कळलं तुला, का देत नाय? चेंगट म्हणून नाय रे. लक्ष्मी मला शांतीसारखी, म्हणून देत नाय. ऊठ, तिला इस्पितळात ने, चीर द्यावी लागली तर देऊ देत, तिथला डॉक्टर जे देईल ते सगळं, शेवटच्या गोळीपर्यंत. रस्ता मोकळा हाय. आज कसलीच बंदी नाय.

आता का रडतोस? काय? — मोठ्यानं बोल, ती रवंथ करते त्यात ऐकू येत नाय. काय लावली? कधी?

परवा. परवा लावली. आणि काल सकाळी ताप उतरला. म्हणून दुसरी न्यायला आलास, कारण आज दुपारी शेजारचं पोर मिलच्या गेटवर सांगायला आलं, परत अंग तापलंय. — उंदीर नव्हता तर. कोणी दिली? माळ्यावर हात कोणाचा पोचला? बोल रे!

जाईबाईनं.

माझ्या जाईबाईनं. — काय म्हणाली देताना? जसं म्हणाली तसं सांग. — "ह्यांच्या औषधानं माझी शांती सहा दिवस तगली. रस्ता मिळाला असता तर जगली असती. घेऊन जा, लक्ष्मीला लाव."

असं म्हणाली.

बरोबर हाय. असंच म्हणणार. तिला मी दुसरं काय सांगितलंय?

ऊठ. ऊठ म्हणतो ना! हात नको लावू मला, पाया नको पडू, म्हशीचे हात हायत हे. नाक्यावर टॅक्सी मिळेल, लक्ष्मीला उचल आणि नीघ. डॉक्टरला सगळं सांग — नळी कुठली, कोणाची, कधी लावली, तबेल्याचं नाव सांग, माझं नाव सांग. शरमेनं एक शब्द गाळलास तर बघ. माझी वाट नको बघू. ह्या म्हशी राहतील अशाच, शेटला बोंबलू दे. मी घरी जातो. जाईबाईला सांगायचंय, त्या दिवशी नाक्यावर घोडागाडी होती म्हणून.

जा तू.